आनुवंशिक गुणांची संभाव्यता: छेद आधी ठरवा, गुणाकार नंतर

आई आणि वडील दोघेही एखाद्या अप्रभावी रोगाचे वाहक असतील (म्हणजे स्वतः निरोगी, पण सदोष जनुकाची एक प्रत बाळगणारे) तर मूल बाधित होण्याची संभाव्यता १/४, हे बहुतेकांना पाठ असतं. पण प्रश्न थोडा वळवून विचारला की गडबड होते. ‘बाधित मुलाची निरोगी बहीण वाहक असण्याची संभाव्यता किती?’ याचं उत्तर कुणी १/२ देतं, कुणी १/४. दोन्ही चूक. उत्तर २/३ आहे. चुकीचं उत्तर देणाऱ्यांना गुणाकार येत नाही असं नाही. अपूर्णांकाचा छेद पक्का होण्याआधीच त्यांची आकडेमोड सुरू झालेली असते. कोणकोणत्या शक्यता अजून शिल्लक आहेत ती यादी म्हणजे छेद. आनुवंशिकतेच्या गणितात बहुतेक चुका याच एका ठिकाणी होतात, म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने लावले आहेत. क्रम बदलू नका.

## तयारी: पेन उचलल्यावर पहिल्या पाच मिनिटांत

प्रश्न एका पूर्ण वाक्यात लिहा. त्यात तीन गोष्टी हव्यात: कोणाबद्दल विचारलंय, कोणत्या गटातून, आणि आधीपासून काय माहीत आहे. ‘पुढचं मूल बाधित मुलगा असेल’ आणि ‘पुढचा मुलगा झाला तर तो बाधित असेल’ ही दोन वाक्यं सारखी वाटतात, पण लिंगसंलग्न (एक्स गुणसूत्रावरच्या) गुणात त्यांची उत्तरं एकमेकांच्या दुप्पट-निमपट असतात.

चिन्हं ठरवा. अ‍ॅलील म्हणजे एकाच जनुकाचं एक रूप. या लेखात दीर्घ स्वर म्हणजे प्रभावी अ‍ॅलील (एकटं असलं तरी गुण दिसतो) आणि ह्रस्व स्वर म्हणजे त्याच जनुकाचं अप्रभावी अ‍ॅलील (दोन्ही प्रती तशाच असतील तरच गुण दिसतो). पहिल्या जनुकासाठी आ आणि अ, दुसऱ्यासाठी ऊ आणि उ, तिसऱ्यासाठी ई आणि इ. आ-आ आणि अ-अ हे समयुग्मी, आ-अ हा विषमयुग्मी. एका जनुकासाठी एकच अक्षरजोडी वापरा. उंच झाडाला ‘उ’ आणि बुटक्याला ‘ब’ अशी दोन वेगळी अक्षरं घेतली, की दुसरं जनुक आल्यावर कोण कोणाची जोडी हे कळेनासं होतं. हाताने लिहिताना ऊ आणि उ स्पष्ट वेगळे काढा. घाईत ऊची शेपटी राहून गेली की पुढचं सगळं उत्तर बदलतं.

वंशावळ काढा. पुरुष चौकोनाने, स्त्री वर्तुळाने, बाधित व्यक्तीचं चिन्ह पूर्ण भरलेलं. जोडीदारांमध्ये आडवी रेघ, तिच्यावरून खाली मुलांची रेघ. वाहकाची खूण (अर्धं भरलेलं चिन्ह) फक्त खात्री असेल तिथेच करा. ‘बहुधा वाहक’ असेल तिथे प्रश्नचिन्ह लिहा, कारण त्या प्रश्नचिन्हाची किंमत काढणं हेच पुढचं काम आहे.

अपूर्णांक अपूर्णांकच ठेवा. २/३ चे ०.६७ करून पुढे गुणत गेलात तर शेवटी उत्तर ताडून पाहता येत नाही. दशांश अगदी शेवटी काढा.

> तपासणी: प्रश्नाचं वाक्य, चिन्हांची यादी आणि वंशावळ या तिन्ही गोष्टी कागदावर आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा १: गुण कसा उतरतो ते ठरवा

दोन निरोगी पालकांना बाधित मूल झालं असेल तर गुण साधारणतः अप्रभावी समजायचा. दोन बाधित पालकांना निरोगी मूल झालं असेल तर प्रभावी. एक्स गुणसूत्रावरचा गुण बापाकडून मुलग्याकडे जात नाही, कारण मुलग्याला बापाकडून वाय गुणसूत्र मिळतं. एक्सवरच्या अप्रभावी गुणात आई बाधित असेल तर तिचे सगळे मुलगे बाधित असायला हवेत. एक जरी मुलगा निरोगी निघाला तर ती शक्यता खोडून टाका.

सावधान: लहान वंशावळीवरून फक्त शक्यता खोडता येतात, सिद्ध काहीच करता येत नाही. तीन बाधित व्यक्ती आहेत आणि तिघेही पुरुष आहेत, एवढ्यावरून गुण एक्सवर आहे असं ठरवू नका. गुण शरीरगुणसूत्रावर (एक्स-वाय सोडून इतर गुणसूत्रावर) असला तरी तिन्ही बाधित मुलगेच असण्याची संभाव्यता १/८ आहे, आणि १/८ काही दुर्मीळ नव्हे.

## टप्पा २: पालकांची जनुकरूपं लिहा, माहीत नाही तिथे रिकामी जागा ठेवा

अप्रभावी गुण दिसतोय तर जनुकरूप (दोन अ‍ॅलीलांची जोडी) निश्चित अ-अ. प्रभावी गुण दिसतोय तर एवढंच निश्चित की एक आ आहे. दुसरी जागा रिकामी ठेवा: आ-__. मग आजूबाजूला पाहून ती भरा. त्या व्यक्तीला अ-अ मूल असेल किंवा तिचा एक पालक अ-अ असेल, तर रिकाम्या जागी अ आलंच पाहिजे.

रक्तगटांत इथेच घसरायला होतं. ए गटाची व्यक्ती ए-ए असेल किंवा ए-ओ असेल. दोन शक्यता आहेत म्हणून प्रत्येकीला १/२ देणं चूक आहे. त्या शक्यतांचं वजन पालकांवरून किंवा लोकसंख्येतल्या प्रमाणावरून ठरतं, शक्यतांच्या संख्येवरून ठरत नाही. याच व्यक्तीला ओ गटाचं मूल असेल तर प्रश्नच उरत नाही, ती ए-ओ आहे.

रिकामी जागा प्रयोगाने भरायची असेल तर (वनस्पती आणि प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत हे शक्य असतं) चाचणी संकर करा: अज्ञात आ-__ चा संकर अ-अ शी. एक जरी अ-अ संतती मिळाली तर काम झालं, पालक आ-अ आहे. मिळाली नाही तर किती संतती पाहिल्यावर थांबायचं? पालक आ-अ असूनही एकाही संततीत अप्रभावी गुण न दिसण्याची संभाव्यता १/२ चा तितकावा घात असते. चार संततींना ती १/१६, म्हणजे ६.२५ टक्के, पाचला १/३२, म्हणजे ३.१ टक्के. ९५ टक्के खात्रीसाठी पाच संतती लागतात, ९९ टक्क्यांसाठी सात. स्वपरागणाने तीच तपासणी केली तर दर खेपेला ३/४ ने गुणावं लागतं, म्हणून ९५ टक्क्यांसाठी ११ आणि ९९ टक्क्यांसाठी १७ रोपं मोजावी लागतात. चार रोपं पाहून ‘शुद्ध वाण आहे’ असं लिहून टाकणं ही नेहमी दिसणारी चूक आहे.

## टप्पा ३: युग्मकं लिहा

युग्मक म्हणजे स्त्रीबीज किंवा पुंबीज. प्रत्येक युग्मकात प्रत्येक जनुकाचं एकच अ‍ॅलील असतं. आ-अ, ऊ-उ या पालकाची युग्मकं चार: आ+ऊ, आ+उ, अ+ऊ, अ+उ. एखाद्या युग्मकात ‘आ+अ’ लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबून खोडा. विषमयुग्मी जनुकं दोन असतील तर युग्मकांचे प्रकार ४, तीन असतील तर ८, चार असतील तर १६. समयुग्मी जनुकाने प्रकार वाढत नाहीत. आ-अ, उ-उ या पालकाची युग्मकं दोनच: आ+उ आणि अ+उ.

## टप्पा ४: चौकोन एका जनुकासाठी, पुढे गुणाकार

पनेट चौकोन (एका पालकाची युग्मकं वर, दुसऱ्याची बाजूला लिहून घरं भरायचा तक्ता) एका जनुकाला उत्तम, दोन जनुकांना चालण्याजोगा. तिथून पुढे मात्र त्यात चुका मिळवण्याशिवाय काही हाती लागत नाही. प्रत्येक जनुकाचा छोटा हिशेब स्वतंत्र करा आणि उत्तरांचा गुणाकार करा.

उदाहरण घ्या. एक पालक आ-अ, ऊ-उ, ई-इ. दुसरा आ-अ, उ-उ, ई-इ. संततीत पहिला गुण प्रभावी, दुसरा अप्रभावी आणि तिसरा प्रभावी दिसण्याची संभाव्यता काढायची आहे.

- पहिलं जनुक: आ-अ × आ-अ, प्रभावी दिसणं ३/४
- दुसरं जनुक: ऊ-उ × उ-उ, अप्रभावी दिसणं १/२
- तिसरं जनुक: ई-इ × ई-इ, प्रभावी दिसणं ३/४

गुणाकार ९/३२. याच प्रश्नाला चौकोन काढला असता तर ८ × ४ = ३२ घरं भरून त्यातली ९ मोजावी लागली असती.

आता प्रश्न बदलू: तीनपैकी किमान दोन गुण प्रभावी दिसण्याची संभाव्यता? इथे बेरीज येते, पण फक्त एकाच वेळी घडू न शकणाऱ्या पर्यायांची. सगळे पर्याय आधी लिहा: पहिला-दुसरा प्रभावी आणि तिसरा अप्रभावी ३/३२, पहिला-तिसरा प्रभावी आणि दुसरा अप्रभावी ९/३२, दुसरा-तिसरा प्रभावी आणि पहिला अप्रभावी ३/३२, तिन्ही प्रभावी ९/३२. बेरीज २४/३२, म्हणजे ३/४. ‘किमान दोन’ मध्ये ‘तिन्ही’ येतात हे विसरलं की उत्तर १५/३२ येतं. उलट, ‘पहिला प्रभावी’ आणि ‘दुसरा प्रभावी’ यांची सरळ बेरीज करून ५/४ मिळवणारेही असतात. संभाव्यता १ च्या वर गेली की दोन पर्याय एकमेकांत मिसळलेत असं समजा.

> तपासणी: विचारलेले आणि न विचारलेले अशा सगळ्या पर्यायांची बेरीज नेमकी १ येते का? येत नसेल तर एखादा पर्याय सुटलाय किंवा दोनदा मोजला गेलाय.

## टप्पा ५: कळलेल्या माहितीने यादी छाटा

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आई-वडील दोघे आ-अ. मुलांच्या चार समान शक्यता: आ-आ, आ-अ, अ-आ, अ-अ. बहीण निरोगी आहे ही माहिती मिळाली की अ-अ ही शक्यता संपली. उरल्या तीन. त्यातल्या दोन वाहक. म्हणून २/३.

१/२ हे उत्तर येतं ते ‘चारपैकी दोन वाहक’ या पाठांतरातून. ते बाळ जन्माला येण्याआधी बरोबर होतं. बहीण समोर निरोगी दिसतेय हे कळल्यावर छेद ४ राहत नाही, ३ होतो. हाच नियम उलट्या बाजूनेही लक्षात ठेवा: रोग उशिरा वयात दिसणारा असेल आणि बहीण अजून लहान असेल, तर ती ‘निरोगी’ आहे असं म्हणता येत नाही. तेव्हा यादी पूर्ण छाटायची नसते. त्या वयापर्यंत किती जणांत रोग दिसतो तो आकडा माहीत असेल तर टप्पा ८ ची रीत वापरा.

वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीतही तेच. उंच झाडं निवडली तर त्यातली २/३ विषमयुग्मी असतात. ती स्वपरागणाने वाढवली की उंच निवडलेल्या झाडांपैकी १/३ झाडं शुद्ध उतरतात. ‘उंच झाडांपैकी’ हे शब्द प्रश्नात असले की छेद ३, नुसतं ‘झाडांपैकी’ असेल तर ४.

## टप्पा ६: अनेक भावंडांचा हिशेब

१/४ चा अर्थ ‘चार मुलांत एक बाधित’ असा लावला जातो, आणि पहिलं मूल बाधित झाल्यावर ‘आता पुढची तीन सुरक्षित’ असा निष्कर्ष काढला जातो. हा गैरसमज घातक आहे. यावर माणसं कुटुंबाचे निर्णय घेतात. प्रत्येक गर्भधारणेत संभाव्यता पुन्हा १/४ पासूनच सुरू होते. आधीच्या मुलाचा पुढच्यावर काहीही परिणाम होत नाही.

चार मुलांचा नेमका हिशेब असा मांडा. दोन गोष्टींचा गुणाकार करायचा: एका ठरावीक क्रमाची संभाव्यता, आणि असे क्रम किती.

| बाधित मुलं | क्रमांची संख्या | संभाव्यता |
|---|---|---|
| ० | १ | ८१/२५६ |
| १ | ४ | १०८/२५६ |
| २ | ६ | ५४/२५६ |
| ३ | ४ | १२/२५६ |
| ४ | १ | १/२५६ |

नेमकं एक मूल बाधित असणं १०८/२५६, म्हणजे सुमारे ४२ टक्के. निम्म्याहून कमी. एकही बाधित नसण्याची संभाव्यता जवळजवळ ३२ टक्के आहे, आणि म्हणूनच दोन वाहकांच्या पुष्कळ कुटुंबांत रोगाचा पत्ताच लागत नाही.

क्रमांची संख्या विसरणं ही इथली ठरलेली चूक. ‘एक बाधित, तीन निरोगी’ साठी १/४ × २७/६४ = २७/२५६ लिहून थांबलात तर तुम्ही फक्त ‘पहिलं बाधित, बाकी तीन निरोगी’ हा एकच क्रम मोजलात. प्रश्नात क्रम दिला असेल तर मात्र चारने गुणू नका.

‘किमान एक बाधित’ विचारलं असेल तर थेट बेरजेच्या मागे लागू नका. १ मधून ‘एकही नाही’ वजा करा: १ − ८१/२५६ = १७५/२५६, सुमारे ६८ टक्के.

## टप्पा ७: एक्स गुणसूत्रावरचे गुण

हिमोफिलिया, डुशेन प्रकारचा स्नायूंचा ऱ्हास, लाल-हिरव्या रंगांचं रंगांधत्व हे एक्सवरचे अप्रभावी गुण. आई वाहक आणि वडील निरोगी असतील तर:

- मुलगे: निम्मे बाधित
- मुली: निम्म्या वाहक, सहसा कोणी बाधित नाही
- सगळ्या मुलांत मिळून: बाधित १/४

म्हणजे ‘पुढचा मुलगा बाधित’ १/२ आणि ‘पुढचं मूल बाधित’ १/४. तयारीत प्रश्नाचं वाक्य लिहायला सांगितलं ते यासाठी. वडील बाधित आणि आई वाहक नसेल तर सगळ्या मुली वाहक आणि सगळे मुलगे निरोगी. इथे १/२ कुठेच येत नाही, सगळी उत्तरं ० किंवा १ आहेत.

सावधान: कुटुंबात एकच मुलगा बाधित असेल तर त्याची आई वाहक असेलच असं नाही, नवं उत्परिवर्तन झालेलं असू शकतं. आईचा भाऊही बाधित असेल किंवा तिचे दोन मुलगे बाधित असतील, तेव्हाच व्यवहारात तिला निश्चित वाहक धरतात.

## टप्पा ८: नव्या माहितीने संभाव्यता सुधारा

हा टप्पा सर्वांत जास्त टाळला जातो, आणि खऱ्या कुटुंबांच्या प्रश्नांत सर्वांत जास्त लागतो तो हाच.

प्रश्न: एका स्त्रीच्या भावाला आणि मामाला हिमोफिलिया आहे. तिला तीन मुलगे आहेत, तिघेही निरोगी. ती वाहक असण्याची संभाव्यता किती?

तिची आई निश्चित वाहक, कारण आईचा भाऊ आणि मुलगा दोघेही बाधित. म्हणून मुलांचा विचार करण्याआधी या स्त्रीची संभाव्यता १/२. आता तक्ता मांडा. दोन रकाने, चार ओळी, दर वेळी याच क्रमाने.

| | ती वाहक आहे | ती वाहक नाही |
|---|---|---|
| मुलांआधीची संभाव्यता | १/२ | १/२ |
| तिन्ही मुलगे निरोगी होण्याची संभाव्यता | १/८ | १ |
| वरच्या दोन ओळींचा गुणाकार | १/१६ | ८/१६ |
| गुणाकार ÷ दोन्ही गुणाकारांची बेरीज | १/९ | ८/९ |

तर ती वाहक असण्याची संभाव्यता १/२ वरून १/९ वर आली. पुढचा मुलगा बाधित असण्याची १/१८, पुढचं मूल बाधित असण्याची १/३६.

तीन ठिकाणी लोक अडखळतात.

तिसऱ्या ओळीवरच थांबून १/१६ हे उत्तर दिलं जातं. १/१६ म्हणजे ‘ती वाहक आहे आणि तिन्ही मुलगे निरोगी आहेत’ याची संभाव्यता. मुलगे निरोगी आहेत हे तर आपल्याला माहीत आहे, तेव्हा छेद ९/१६ हवा.

निरोगी मुलींनाही मोजलं जातं. वडील निरोगी असताना मुलगी निरोगी असणं दोन्ही रकान्यांत सारखंच अपेक्षित असतं. दोन्हीकडे १ ने गुणल्याने काहीच बदलत नाही, त्यामुळे तिच्यापासून माहितीही मिळत नाही.

आणि तिसरं, एक मुलगा बाधित निघाला तरी जुना तक्ता पुढे चालवला जातो. या कुटुंबात बाधित मुलगा जन्मला की ती वाहक आहेच असं धरायचं आणि पुढच्या मुलग्याची संभाव्यता पुन्हा १/२ लिहायची. आधीचे तीन निरोगी मुलगे आता काही सवलत देत नाहीत.

> तपासणी: शेवटच्या ओळीची बेरीज १ आली का? निरोगी मुलगे वाढले तशी ‘वाहक’ रकान्याची किंमत कमी झाली का? वाढली असेल तर दुसरी ओळ उलटी भरली आहे.

## टप्पा ९: जोडीदाराचा कौटुंबिक इतिहास माहीत नसेल तेव्हा

लोकसंख्येतलं रोगाचं प्रमाण वापरा. हार्डी आणि वाईनबर्ग या दोघांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेलं सूत्र इथे कामाला येतं: अप्रभावी रोगाचं प्रमाण म्हणजे अप्रभावी अ‍ॅलीलच्या प्रमाणाचा वर्ग. रोग १०,००० त १ असेल तर वर्गमूळ काढून अ‍ॅलीलचं प्रमाण १/१००. वाहकांचं प्रमाण २ × ९९/१०० × १/१००, म्हणजे सुमारे १/५०. रोग दुर्मीळ, पण वाहक दर पन्नासांत एक. या दोन आकड्यांची अदलाबदल करू नका.

आता जोडणी. स्त्रीच्या भावाला असा रोग आहे, ती स्वतः निरोगी, आई-वडील निरोगी. तिची संभाव्यता २/३. नवरा नात्यातला नाही, निरोगी आहे, त्याची १/५०. मूल बाधित असण्याची संभाव्यता २/३ × १/५० × १/४ = १/३००.

त्यांना दोन निरोगी मुलं आधीच असतील तर? पुष्कळ जण फक्त स्त्रीचे २/३ घेऊन तक्ता मांडतात. ते चूक आहे, कारण मूल बाधित होण्यासाठी दोघेही वाहक लागतात. तक्त्याचे रकाने सरळ ‘दोघेही वाहक’ आणि ‘बाकी सगळं’ असे लिहा. पहिल्या रकान्याची सुरुवात २/३ × १/५० = १/७५, दुसऱ्याची ७४/७५. दोन निरोगी मुलांची संभाव्यता पहिल्यात ९/१६, दुसऱ्यात १. शेवटी दोघेही वाहक असण्याची संभाव्यता ९/११९३ येते, आणि तिसरं मूल बाधित असण्याची तिच्या एक चतुर्थांश, सुमारे १/५३०.

सावधान: पती-पत्नी रक्ताच्या नात्यातले असतील तर १/५० वापरू नका. अ‍ॅलील दोघांकडे एकाच पूर्वजाकडून आलेलं असू शकतं, त्यामुळे वंशावळीतून त्या पूर्वजापर्यंत चढा आणि तिथून दोन्ही फांद्यांनी खाली या. आजी निश्चित वाहक असेल तर तिच्या प्रत्येक नातवंडापर्यंत ते अ‍ॅलील पोचण्याची संभाव्यता १/४. तिची वेगवेगळ्या अपत्यांपासूनची दोन नातवंडं एकमेकांचे जोडीदार असतील आणि इतर कुठून अ‍ॅलील आलं नसेल, तर मूल बाधित असण्याची संभाव्यता १/४ × १/४ × १/४ = १/६४. दोन निरोगी नातवंडांत प्रत्यक्षात आकडा यापेक्षा किंचितही वेगळा येत नाही, कारण इथे त्यांच्या अ-अ असण्याची शक्यता मुळातच यादीत नव्हती.

## टप्पा १०: गुणाकार करण्याआधी अडचणी पाहून घ्या

सहलग्नता. दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळ असतील तर ती स्वतंत्रपणे उतरत नाहीत आणि टप्पा ४ चा गुणाकार लागू होत नाही. समजा पुनर्संयोजन (जोडीतल्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल होऊन अ‍ॅलीलांची नवी जुळणी होणं) १० टक्के आहे. आ आणि ऊ एका गुणसूत्रावर, अ आणि उ दुसऱ्यावर असतील तर युग्मकं ४५, ४५, ५, ५ टक्के अशी मिळतात. अशा दोन पालकांच्या संततीत दोन्ही गुण अप्रभावी असण्याची संभाव्यता ०.४५ × ०.४५ = ०.२०२५. स्वतंत्र असती तर १/१६, म्हणजे ०.०६२५ आली असती. आणि दोन्ही पालकांत मांडणी उलट असेल, म्हणजे आ-उ एकीकडे आणि अ-ऊ दुसरीकडे, तर तीच संभाव्यता ०.००२५ वर येते. जनुकरूप तेच, आकड्यात ८१ पटींचा फरक. मांडणी माहीत नसताना गणित करूच नका.

प्राणघातक अ‍ॅलील. उंदरांत पिवळ्या केसांचं एक प्रभावी अ‍ॅलील समयुग्मी असताना गर्भ जगत नाही. दोन पिवळ्या उंदरांची जन्मलेली पिल्लं ३:१ ऐवजी २:१ येतात. जन्मलेल्यांपैकी पिवळी २/३. पुन्हा छेदच: चार शक्यतांतली एक जन्मापर्यंत पोचत नाही.

अपूर्ण अभिव्यक्ती. अ‍ॅलील असूनही गुण दिसेलच असं नसतं. प्रभावी गुण अ‍ॅलील असलेल्या ८० टक्के व्यक्तींत दिसत असेल आणि एक पालक आ-अ व दुसरा अ-अ असेल, तर मुलात तो दिसण्याची संभाव्यता १/२ × ०.८ = ०.४. मूल निरोगी असलं तरी त्याच्याकडे अ‍ॅलील असण्याची संभाव्यता ०.१ ÷ (०.१ + ०.५), म्हणजे १/६ उरते. ‘निरोगी आहे, म्हणजे अ‍ॅलील नाही’ हे इथे चालत नाही.

उंची, त्वचेचा रंग, रक्तदाब यांसारख्या गुणांवर अनेक जनुकं आणि परिस्थिती दोन्हींचा परिणाम असतो. त्यांना ३/४ आणि १/४ लावायला जाऊ नका.

## टप्पा ११: मोजलेल्या संततीशी ताळा

प्रत्यक्ष मोजणी अपेक्षेशी हुबेहूब जुळत नाही, जुळायलाही नको. फरक योगायोगाचा आहे की गृहीतक चुकलंय, ते काय-वर्ग कसोटीने ठरवा. मेंडेलच्या वाटाण्यांच्या मोजणीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे होते, एकूण ७,३२४.

१. अपेक्षित आकडे काढा. ३:१ नुसार ५,४९३ आणि १,८३१.
२. प्रत्येक गटातला फरक काढा. दोन्हीकडे १९.
३. फरकाचा वर्ग त्या गटाच्या अपेक्षित आकड्याने भागा. ३६१ ÷ ५,४९३ = ०.०६६ आणि ३६१ ÷ १,८३१ = ०.१९७.
४. बेरीज ०.२६३.
५. डिग्री ऑफ फ्रीडम म्हणजे गटांच्या संख्येतून एक वजा, इथे १. त्यासाठी ५ टक्के पातळीची मर्यादा ३.८४ (गृहीतक बरोबर असताना निव्वळ योगायोगाने बेरीज याच्या वर जाण्याची संभाव्यता ५ टक्के). आपली बेरीज तिच्या खूप खाली आहे, म्हणून ३:१ हे गृहीतक नाकारायला कारण नाही.

चार गट असतील तर मर्यादा ७.८२. मेंडेलच्याच दोन जनुकांच्या संकरातले ३१५, १०८, १०१ आणि ३२ हे आकडे ९:३:३:१ शी ताडून पाहा, बेरीज ०.४७ यायला हवी. तेवढी आली तर तुमची रीत बरोबर आहे.

टक्केवारी घालून ही कसोटी करू नका, नेहमी प्रत्यक्ष संख्या घाला. ७५ ऐवजी ७० टक्के हा फरक २० रोपांत काहीच सांगत नाही, २,००० रोपांत तो मोठा असतो. टक्क्यांत लिहिलं की हा भेद पुसला जातो. बेरीज मर्यादेच्या वर गेली तर मोजणीला दोष देण्याआधी टप्पा १० कडे परत जा. २:१ दिसतंय का, दोन जनुकांत पालकांसारखे गट जास्त आणि मिसळलेले गट कमी दिसतायत का, ९:७ किंवा ९:३:४ सारखं, एक जनुक दुसऱ्याला झाकतंय असं प्रमाण आहे का, ते पाहा. आणि कोणत्याही गटाचा अपेक्षित आकडा ५ च्या खाली जाऊ देऊ नका. १/१६ च्या गटासाठी त्यामुळे किमान ८० संतती मोजाव्या लागतात.